उलटं विरजण

शिरवली बंदरात जहाजं कमी आणि गाळ जास्त येतो, असं तिथले लोक थट्टेने म्हणत. थट्टा होती, पण खोटी नव्हती. खाडीला मिळणाऱ्या दोन नद्या डोंगरावरची माती आणत, भरतीचं पाणी समुद्राकडची माती आणी, आणि दोघांची गाठ पडे ती नेमकी अकरा किलोमीटर लांबीच्या त्या वाटेवर, जिथून मोठी जहाजं धक्क्यापर्यंत येत. गाळ रोज काढला नाही, तर दोन महिन्यांत वाट बुजावी.

तो काढायचं काम 'भूधर' नावाच्या ड्रेजरकडे होतं. लोखंडी सोंड तळाशी सोडायची, गाळ शोषून घ्यायचा, पोट भरलं की चोवीस किलोमीटर समुद्रात जाऊन तो ओतायचा आणि परत फिरायचं. दिवसाला चार खेपा, वर्षाचे तीनशे दिवस. 'भूधर'चा कप्तान होता विश्राम तोडणकर. त्याची धाकटी बहीण कांचन त्याच बंदरात पायलट होती. विमानाची नव्हे, जहाजांची. बाहेरून आलेल्या कप्तानाला खाडीची वाट ठाऊक नसते, म्हणून बंदराचा पायलट लहान होडीने समोर जातो, दोरीच्या शिडीने जहाजावर चढतो आणि ते आत आणतो. भावाने वाट झाडायची आणि बहिणीने त्या वाटेने जहाज आणायचं, असं बारा वर्षं चाललं होतं.

मग २०४१ साली बंदराने आपला धूर कमी करायचं मनावर घेतलं. क्रेन विजेवर आल्या. धक्क्याला लागलेली जहाजं आपली इंजिनं बंद करून पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज घेऊ लागली. तरी वर्षअखेरीला मोजलं, तर उरलेल्या धुरात निम्म्याहून मोठा वाटा एकट्या 'भूधर'चा निघाला. रोज नऊ टन डिझेल. एक टन डिझेल जळलं की हवेत तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो. जाळलं त्यापेक्षा धूर जड कसा, असं कोणालाही वाटेल. पण डिझेलमधला कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेऊन निघतो. एकट्याने घराबाहेर पडलेला माणूस दोन पाहुणे घेऊन परत यावा, तसं ते आहे.

आणि त्याच सुमारास गाळातल्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या डॉ. शमा परकार दोन बरण्या घेऊन पायलटांच्या खोलीत आल्या.

"दोन्हीत तुमच्याच खाडीतला गाळ आहे," त्या म्हणाल्या. "एकाच दिवशी, एकाच जागेवरून काढलेला."

त्यांनी पहिल्या बरणीत स्टीलचा चमचा उभा केला. तो चक्क्यात रोवल्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या बरणीत सोडला, तो ताकात बुडावा तसा तळाशी गेला.

"दुसऱ्यात पाणी घातलंत," कांचन म्हणाली.

"थेंबभर नाही. वजन करा हवं तर."

कांचनने खरंच वजन केलं. दोन्ही बरण्या सारख्याच भरल्या.

"मग हा पातळ कसा?"

"तुमच्या घरी भात मोकळा व्हायला काय करतात?"

"तूप सोडतात."

"तेच इथे झालंय."

गाळातले मातीचे कण पोह्यांसारखे चपटे असतात. ते एकमेकांना चिकटतात, थरावर थर बसतो आणि गाळ घट्ट होतो. पण काही सूक्ष्म जंतू असे आहेत, की ते आपल्या अंगातून बुळबुळीत पदार्थ सोडतात. त्याचा लेप प्रत्येक कणावर बसला, की कण सुटे राहतात. हे जंतू खाडीत पूर्वीपासूनच होते, फक्त थोडे होते. शमाबाईंनी त्यांतले चपळ निवडून वाढवले. त्यांना जगायला हवा लागते, म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना सौरऊर्जेवर चालणारे तराफे ठेवायचे आणि नळ्यांनी तळाशी बुडबुडे सोडायचे. हवा मिळाली नाही, तर दुसरे जंतू वरचढ होतात, गाळ घट्ट होतो आणि त्यातून मिथेन सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षाही वाईट.

"विरजण लावलं की दूध घट्ट होतं," शमाबाई म्हणाल्या. "हे उलटं विरजण समजा. लावलं की पातळ राहतं."

"राहू दे पातळ. पण वाटेत गाळ तर राहिलाच ना? जहाज जाणार कुठून?"

"गाळातूनच. जहाजाला पाणीच लागतं असं आपण समजतो. खरं म्हणजे त्याला बाजूला सरणारं काहीही चालतं."

कांचनला त्या दिवशी हसू आलं होतं. पण ती हसून सोडून देणारी नव्हती. तिने आठ महिने घेतले. आधी विरजण लागलेल्या वाटेवरून रिकाम्या बार्ज, म्हणजे सपाट मालबोटी, नेल्या, मग भरलेल्या, मग एक मध्यम जहाज. गाळात शिरलेलं जहाज जरा उशिरा वळतं, पण वळतं, हे तिने स्वतःच्या हातांनी पाहिलं आणि पायलट म्हणून संमतीच्या कागदावर सही केली. आता उरलं होतं ते एक पूर्ण भरलेलं मोठं जहाज. ते सुखरूप आत आलं, की खाडीच्या वाटेवरचं गाळ काढणं कायमचं थांबणार होतं आणि 'भूधर' भंगारात जाणार होती. तिच्यावरच्या एकतीस माणसांसकट, असं विश्राम म्हणायचा.

सहीची बातमी त्याला बंदरातच कळली. संध्याकाळी कांचन त्याच्या घरी गेली, तेव्हा तो पडवीत बसून सुपारी कातरत होता.

"दादा, तुला आधी सांगायला येणार होते."

"कशाला? सही करताना हात थरथरला नाही ना, मग झालं."

"नऊ टन डिझेल जळतं रे रोज."

"जळतं ना. आणि त्या नऊ टनांवर तुझं एक जहाज तरी कधी तळाला लागलं?"

"नाही लागलं."

"मग." त्याने अडकित्ता खाली ठेवला. "गाळात मी बत्तीस वर्षं वस्ती केल्येय गो. तो पातळ झाला म्हणून चांगला होत नाही. कोणा बाईने बरणीत चमचा बुडवून दाखवला आणि तू चाळीस हजार टनांचं जहाज त्यावर घालायला निघालीस."

"मी आठ महिने तपासलंय."

"तपास. बोलू नको माझ्याशी."

आणि तो खरंच बोलेनासा झाला. चार महिने. भाऊबीजेला कांचनने ताट तयार ठेवलं, पण वहिनी एकटीच आली. "त्यांना पाठवायला मी क्रेन लावली असती," वहिनी म्हणाली, "पण ती पण आता विजेवर चालते, जोर पुरला नसता." दोघी हसल्या आणि कांचनने ताट झाकून ठेवलं.

मोठ्या जहाजाचा दिवस ठरला. गुरुवार, भरती सकाळी अकरा बावन्नला. जहाजाचं नाव 'अमिहान', लांबी दोनशे चाळीस मीटर. ते पाण्याखाली पावणेतेरा मीटर बुडालेलं होतं. भरतीला वाटेवर मोकळं पाणी साडेअकरा मीटर आणि त्याखाली तीन मीटर पातळ गाळ. म्हणजे जहाजाचा तळ सगळी वाट गाळातून ओढत न्यायचा.

साडेदहाला कांचन जहाजाच्या सुकाणूखोलीत उभी राहिली. कप्तान रेयेस फिलिपिन्सचे होते, पन्नाशीचे, हसरे. मागे-पुढे दोन टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या छोट्या दमदार बोटी, दोर लावून चालत होते.

"मी आयुष्यभर जहाज चिखलापासून लांब ठेवत आलो," रेयेस म्हणाले.

"आज त्यालाही भेटा."

पहिले सहा किलोमीटर असे गेले, की रेयेस यांचा विश्वास बसेना. जहाजाची थरथर कमी झाली. मागे फेस उठायचा, तिथे चॉकलेटी रंगाचं पाणी संथपणे उलगडत राहिलं. सुकाणू फिरवल्यावर जहाज तीन श्वास विचार करी आणि मग वळे. कांचन प्रत्येक हुकूम तेवढा आधी देत होती. पुढे कासवाचं वळण होतं. ओहोटीला तिथे कासवाच्या पाठीसारखा खडक उघडा पडतो, म्हणून ते नाव. सगळ्या वाटेत अवघड जागा ती एवढीच. तिच्या पलीकडे 'भूधर' गरज पडली तर मदतीला म्हणून उभी होती. वळण तिथून चांगलं दिसतं, म्हणून शमाबाई आपली यंत्रं घेऊन सकाळीच तिच्यावर चढल्या होत्या.

वळण दीड किलोमीटरवर राहिलं आणि रेडिओ खरखरला.

"अमिहान, अमिहान. भूधर बोलतोय." आणि मग चार महिन्यांनी पहिल्यांदा, "बाय, थांबव जहाज."

हा रेडिओ सगळ्यांसाठी खुला असतो. टगवाले ऐकतात, बंदर अधिकारी ऐकतात, धक्क्यावरचा चहावालासुद्धा ऐकतो. विश्रामला ते माहीत होतं.

कांचनने आधी मागच्या टगला दोर ताणायला सांगितलं, इंजिन अगदी मंद केलं आणि मग बटण दाबलं. "दादा, काय झालं?"

"वळणावर मी गाळ काढलाय. परवा. धक्क्यासमोरचा गाळ टाकायला जाताना सोंड सोडली."

"तिथे सोंड सोडायची बंदी होती."

"होती. मोठा पाहुणा येणार म्हटलं की आम्ही वाट झाडतो, ठाऊक आहे ना तुला. आणि जहाजावर तू असणार होतीस. मला वाटलं, चमच्यावर माझा भरवसा नाही, निदान वळणावर तरी हिला दोन मीटर जास्त मोकळं पाणी असू दे." त्याने घसा खाकरला. "आता ह्या बाईंनी तिथे काटा सोडला. फिरत नाहीये."

काटा म्हणजे शमाबाईंचं यंत्र. गाळात सोडलेली एक दांडी, टोकाला फिरणारं पातं. गाळ पातळ असला की पातं फिरतं, घट्ट असला की अडतं.

शमाबाईंचा आवाज आला. "कांचन, मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग यांनी सांगितलं. रविवारी मी मोजलं, तेव्हा तिथे उत्तम विरजण लागलेलं होतं. ते यांनी काढून समुद्रात ओतलं. खड्डा पडला, त्यात दोन्ही बाजूंचा जुना गाळ घसरला. त्याला हवा नाही की जंतू नाहीत. चक्का आहे तो. आवाजाच्या लहरींनी खोली मोजली, तर मोजमाप पहिल्यासारखंच दिसतं, म्हणून कोणाला कळलं नाही."

कांचनने घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. पाऊण वाजेपर्यंत वळण ओलांडलं नाही, तर पाणी उतरायला लागणार आणि चांगल्या गाळातही तळ अडकणार. वाट एकशे ऐंशी मीटर रुंद, जहाज दोनशे चाळीस मीटर लांब, म्हणजे फिरवून परत नेणं नाही. आणि इथे अडकलं, तर बंदराचं दार बंद. त्याच्याबरोबर उलट्या विरजणाचं नावही कोणी पुन्हा काढणार नाही.

तिला भावाचा राग आला नाही, असं नाही. चांगलाच आला. पण ती राग बाजूला ठेवून विचार करत होती. ही सवय तिला त्यानेच लावली होती.

"दादा, सोंडेतून पाणी उलटं सोडता येतं ना? सोंड अडकली की तुम्ही सोडता तसं."

"येतं."

"पूर्ण जोराने?"

"कळलं," विश्राम म्हणाला.

"शमाताई, तो नुसता ढवळला, तर किती वेळ पातळ राहील?"

"विरजणाशिवाय? अर्धा तास. फार तर चाळीस मिनिटं. मग कण पुन्हा चिकटायला लागतील. आणि मी हे कधी करून पाहिलेलं नाही, हेही सांगते."

"बंदर अधिकारी?" कांचनने विचारलं.

बंदर अधिकारी साखळकर सगळं ऐकतच होते. "पायलट तू आहेस," ते म्हणाले. "जहाजावर उभी तू आहेस. तुला योग्य वाटेल ते कर. बाकीचं नंतर बघू."

रेयेस यांना ती इंग्रजीत सगळं सांगत होती. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. "पुढच्या बोटीवरचा हा माणूस भरवशाचा आहे?"

"माझा भाऊ आहे."

"मी ते नाही विचारलं."

"या खाडीचा तळ त्याच्याइतका कोणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आणि आत्ता त्याने जे रेडिओवर सांगितलं, ते त्याने सांगितलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं. जहाज अडकलं असतं, तर लोकांनी दोष विरजणाला दिला असता. त्याची बोट वाचली असती."

रेयेस सुकाणूवाल्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "चला," ते म्हणाले.

'भूधर' वळणावर आली. तिने सोंड खाली सोडली आणि तळातून गढूळ ढग वर येऊ लागले. विश्राम बोट शेतातल्या नांगरासारखी चालवत होता. एक पट्टा वळणाच्या बाहेरच्या कडेने, मग वळून दुसरा आतल्या कडेने, पहिल्याला जरासा लागून, मध्ये जागा सुटू न देता. शमाबाई मागच्या बाजूला काटा धरून उभ्या होत्या आणि रेडिओवर सांगत होत्या. "अडला. अडला. आता थोडा हलला. फिरतोय. अजून हळू आहे. फिरला."

"अजून एकदा आतून घेतो," विश्राम म्हणाला. "कासवाच्या बाजूला राहिलंय."

"दादा, बारा पाच झालेत."

"मला घड्याळ आहे गो."

बारा चौदाला त्याने सांगितलं, "ये. मी पुढे राहतो. माझ्या मागोमाग ये, सोडू नको."

कांचनने जहाज हललं की नाही कळू नये इतक्या सावकाश पुढे घेतलं. 'भूधर' दोनशे मीटर पुढे, सोंड खाली, ढवळत चाललेली. वळणाच्या तोंडाशी जहाजाचं नाक जड झालं. तोवर साडेचार नॉटवर गेलेला वेग तीनवर आला. सुकाणूवाल्याने तिच्याकडे पाहिलं.

"डावीकडे वीस अंश," ती म्हणाली. एक श्वास. दोन. तीन. चार. जहाज वळत नव्हतं.

"बाय, आतल्या बाजूला झुक," विश्रामचा आवाज आला. "बाहेर थोडं घट्ट राहिलंय. माझ्या मागच्या फेसाच्या आत ये."

"तिथे कासव आहे."

"पंचेचाळीस मीटर आहे तुझ्यात आणि कासवात. मोजून सांगतोय."

तिने पुढच्या टगला डावीकडे ओढायला सांगितलं आणि इंजिनाला थोडा जोर दिला. जहाजाच्या तळातून एक लांब, दबका घरघराट आला, जड पेटी फरशीवरून सरकवावी तसा. मग नाक हलकेच डावीकडे गेलं. तीनाचे साडेतीन झाले, साडेतीनाचे चार. कासवाचा खडक पाण्याखालीच होता, पण त्याच्यावरचं पाणी गोल फिरताना कांचनला डाव्या खिडकीतून स्पष्ट दिसलं आणि हळूहळू मागे गेलं.

बारा छत्तीसला जहाज वळणापलीकडच्या विरजलेल्या गाळात शिरलं आणि सुकाणू पुन्हा तीन श्वासांत ऐकू लागलं. रेयेस यांनी खुर्ची ओढली आणि त्या दिवशी पहिल्यांदा बसले. सव्वा वाजता 'अमिहान' धक्क्याला लागलं. अर्ध्या तासाने त्याला किनाऱ्याची वीज जोडली गेली आणि त्याची इंजिनं बंद झाली.

विश्रामला त्याच संध्याकाळी कामावरून दूर करून घरी बसवलं. चौकशी लागली आणि जहाजाच्या पायलटचा अहवाल पंधरा दिवसांत मागितला. अहवाल लिहिणारी कांचन होती.

तिने तो बाराव्या दिवशी पूर्ण केला आणि कार्यालयात देण्याआधी भावाच्या घरी नेला. विश्राम पडवीतच होता. तिने कागद पुढे केला. त्याने चष्मा लावला.

"शमाताई काल वळणावर गेल्या होत्या," तो वाचत असताना ती म्हणाली. "काटा फिरला."

त्याने मान वर केली. "विरजण पुन्हा लावलं?"

"नाही लावलं. तू ढवळलंस, तेव्हा दोन्ही बाजूंचं विरजण आत मिसळलं आणि पाण्याबरोबर हवाही गेली. त्यांच्या बुडबुड्यांना चार महिने लागले असते, ते अकरा दिवसांत झालं. त्या म्हणतात, तराफे राहू देत, पण वर्षभर वाट राखायची तर कोणीतरी हलक्या हाताने ढवळत राहायला हवं. काढायचं नाही, वाहून न्यायचं नाही. जागच्या जागी. चोवीस किलोमीटर जाणं-येणं नसेल, तर 'भूधर' बॅटरीवर चालेल. त्यांनी साखळकरांना तसं लिहून दिलंय."

"एकतीस माणसं?"

"एकोणीस. बाकीच्यांना तराफ्यांवर घ्या, असंही लिहिलंय. होईल की नाही, मला माहीत नाही. आणि तुझं काय होईल, तेही माहीत नाही."

विश्राम पुन्हा वाचायला लागला. बोट ओळीखालून सरकत होतं. मध्येच ते थांबलं.

"हे चुकलंय. मंगळवारी मी दोन फेऱ्या केल्या, असं लिहिलंयस."

"चौकशीला दोनच सापडल्यात."

"तीन केल्या. तिसरी उलट्या दिशेने केली, बोटीवरच्या नोंदयंत्राने ती मोजली नाही." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "तीन लिही."

"दादा, दोनने तुला कमी शिक्षा होईल."

"होईल ना. पण ती बाई यावरून हिशेब करणार. किती विरजण काढलं, तर भरून यायला किती दिवस लागतात. तिला दोन सांगितलंस, तर तिचे अकरा दिवस खोटे ठरतील आणि पुढे कोणाचं तरी जहाज त्या खोट्या आकड्यावर येईल. गाळाला फसवता येत नाही गो."

कांचनने पेन काढलं, दोन खोडलं, तीन लिहिलं आणि बाजूला सही केली. त्याने ते वाकून नीट पाहिलं.

"आणि हे अर्धवट आहे. गुरुवारच्या फेऱ्या कुठे लिहिल्यात?"

"पुढच्या पानावर. त्या सगळ्या लिहिल्यात, मिनिटांसकट."

तेवढ्यात वहिनी दाराशी आली. तिने दोघांकडे, कागदाकडे आणि सुपारीच्या रिकाम्या तबकाकडे पाहिलं.

"तिसल्यांचं कालवण केलंय," ती म्हणाली. "जेवणार आहात, की त्याचाही अहवाल द्यायचा?"